कांद्यानं वाचलेली कादंबरी

“मॅडम, तुम्ही आता वाचायचं नाही. फक्त बसायचं,” निरंजन सर म्हणाले आणि लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी त्यांनी आम्रपाली मॅडमच्या हातातली कादंबरी काढून टेबलावर ठेवली.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून शिट्टीही आली.

“शिट्टी कोणाची ती ओळखते मी,” मॅडम म्हणाल्या. “दिग्विजय, तोंडाने हवा जाते तेवढी डोक्यातून गेली असती तर दहावीला तीनदा बसावं लागलं नसतं.”

“दोनदाच बसलोय मॅडम. तिसऱ्यांदा उभा व्हतो,” दिग्विजय म्हणाला आणि वर्ग पुन्हा खिदळला.

कुरुळीतल्या त्या कॉलेजात बारावीचा ऑटोमोबाइलचा वर्ग म्हणजे उघड उघड रणांगण होतं. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला धाडधाड पत्रे ठोकणारं प्रेस शॉप आणि मधे आम्रपाली मॅडमचा आवाज. त्या आवाजाच्या हकिकती चाकणपर्यंत गेल्या होत्या. एकदा त्यांनी वर्गात “गप उभा राहा!” म्हटलं, तर हायवेवरच्या एका कंटेनरवाल्याने कचकन ब्रेक मारला आणि लायसन्स काढून हातात धरलं. मॅडमचा तास सुरू झाला की शेजारचा प्रेस लाजून बंद पडतो, असंही सांगत. यातली दुसरी गोष्ट थोडी वाढवलेली आहे.

आवाज घरातून आलेला होता. मॅडमचे वडील भिवा पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. प्रेसने आधी त्यांचा एक कान खाल्ला, मग दुसरा. शाळकरी आम्रपाली त्यांना रोज संध्याकाळी पुस्तक वाचून दाखवायची आणि त्यांना ऐकू जावं म्हणून सगळी वस्ती ऐकेल एवढ्या मोठ्याने. दम घ्यायला ती थांबली की भिवा मान वर करून हाताने खूण करायचे: हं, पुढं.

तसा हात नंतर कोणी केला नाही. इतकी वर्षं मॅडम वर्गात तीच कादंबरी वाचत आल्या, प्रत्येक वर्षी शेवटी विचारत आल्या, “काही विचारायचंय का?” आणि प्रत्येक वर्षी एकच प्रश्न आला, “मॅडम, हे परीक्षेला आहे का?” मग त्याही चिडत गेल्या. पोरांना लागेल असं बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी उरलं नाही. याच वर्गात पिंकी नावाची एक मुलगी होती, तिची आई चिमाबाई चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायची. पिंकीने एकदा धडा वाचलाच नाही आणि वर मानही ताठ ठेवली, तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, “घरी कांद्याचे एवढे पापुद्रे काढतेस, पुस्तकाचं एक पान उलटवत नाही तुला?” त्या दिवसापासून वर्गात पिंकीचं नाव ‘कांदा’ पडलं. पिंकीने ते लक्षात ठेवलं. मॅडम विसरल्या.

“तर योजना अशी आहे,” निरंजन सर सांगत होते. ते संस्थेचे डिजिटल समन्वयक. पुनावळ्याहून यायचे, गळ्यात इअरफोन मंगळसूत्रासारखे मिरवायचे. “चाकणच्या गाड्यांच्या कंपनीने आपल्याला मोबाईल दिलेत. कादंबरी अ‍ॅपवर आहे. चित्रं, सारांश, प्रश्न, सगळं आत. कॉलेज सुटल्यावर रोज एक तास वर्कशॉपमध्ये बसून वाचायचं. कोण किती वेळ वाचतंय ते अ‍ॅप मोजणार. अहवाल शंभर टक्के आला तर कंपनी हा अख्खा वर्ग ट्रेनी म्हणून घेणार.”

मागच्या बाकापर्यंत सगळे ताठ बसले. ट्रेनी हा शब्द तिथे देवाच्या नावासारखा ऐकला जाई.

मॅडमना त्यांनी पुढचं बाहेर, व्हरांड्यात सांगितलं. “अहवाल चांगला आला, तर पुढच्या वर्षीपासून संस्थेच्या सगळ्या कॉलेजांना हेच अ‍ॅप. मराठीची पोस्ट लागणार नाही. तुम्हाला अर्थात सन्मानाने निरोप देऊ.”

“नारळ देणार असाल तर आधी हलवून बघीन,” मॅडम म्हणाल्या. “पाणी आहे का त्यात.”

मनातून त्या निर्धास्त होत्या. ही पोरं आणि कादंबरी वाचणार? मग तर कुरुळीहून चाकणला उलट्या पावली चालत जायची त्यांची तयारी होती. अहवाल तोंडावर आपटणार, निरंजन इअरफोनसकट पुनावळ्याला जाणार आणि आपलं पुस्तक परत आपल्या हातात येणार, असा त्यांचा हिशेब होता.

पण अहवाल चढायला लागला. रोज संध्याकाळी निरंजन सर मोबाईल नाचवत यायचे. अख्खा वर्ग वाचत होता. एकही गैरहजर नाही, एकाचंही पान अडलेलं नाही. मॅडमना आधी आश्चर्य वाटलं, मग राग आला, आणि मग जे वाटलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आपण घसा फोडून वाचत होतो तेव्हा ही पोरं खिडकीबाहेर बघत होती. आणि या काचेच्या तुकड्यासाठी वाचताहेत?

त्यांनी दिग्विजयला जिन्यात गाठलं. “काय रे, भागीरथी नवऱ्याशी का बोलत नाही?”

“कोण भागीरथी? आमच्या आळीत न्हाई कुणी.”

“कादंबरीतली.”

“हां, ती व्हय!” दिग्विजय म्हणाला. “लय बेकार झालं बघा तिचं,” आणि तीन तीन पायऱ्या गाळत पळाला.

मॅडमना वास आला. अक्षरशः आला. वर्कशॉपच्या बाजूने कांद्याचा उग्र भपकारा येत होता. त्या नाकासमोर चालत गेल्या आणि त्यांनी दार ढकललं.

आत एकही पोरगा नव्हता. कामाच्या लांब टेबलावर सगळ्या वर्गाचे मोबाईल ओळीने मांडले होते. त्यांच्यावर भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर, तिला लांब पट्टी, पट्टीला चिमट्यांची रांग आणि प्रत्येक चिमट्यात कांद्याची ओली फोड. मोबाईलच्या काचेला काठी चालत नाही, खिळा चालत नाही. ओली कांद्याची फोड मात्र माणसाच्या बोटासारखी चालते, हा शोध दिग्विजयचा. वायपरला त्याने रिमझिम पावसाचा ठेका दिला होता. जरा वेळ थांबायचं, मग सर्रकन एक फटका. सगळ्या मोबाईलवर एकदम पान उलटायचं. अख्खा वर्ग बाहेर क्रिकेट खेळत होता आणि आत चाकणचा कांदा मराठी साहित्याचं वाचन करत होता. बघायला बसलेलं कोणी नव्हतं. मोजायला अ‍ॅप होतं, म्हणून माणूस नेमलेलाच नव्हता.

फक्त एक होती. उलट्या क्रेटवर पिंकी बसली होती, शेवटच्या मोबाईलवर वाकून. डोळ्यांतून धार लागली होती.

“हे काय चाललंय?”

पिंकी दचकली नाही. बाहीने डोळे पुसून म्हणाली, “दिसत नाही का? फोडी वाळल्या की बदलायलेय मी. आई सुटेपर्यंत मला थांबावंच लागतंय.”

“वाचत होतीस?”

“छ्या!”

“मग डोळे?”

“कांदा हाय समोर. तुमीच म्हणला होता ना, माझं कामच ते.”

मॅडमना तेव्हा ते आठवलं. त्यांनी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

“अध्यक्षांना सांगितलं तर काय होईल, कळतंय का?”

“सांगा जावा. आमचं ट्रेनी जाईल. तुमची नोकरी ऱ्हाईल. बरंच की.” सर्रकन पट्टी फिरली. पिंकीची नजर नकळत काचेवर गेली, खालच्या ओळीपर्यंत उतरली आणि मगच वर आली. “दार लावून घ्या. वारं आलं की फोडी सुकत्यात.”

मॅडम बाहेर आल्या. एवढ्या वर्षांत त्या इतक्या खूश कधी झाल्या नव्हत्या. सगळी टोळी एका मुठीत आली होती. नुसतं सांगायचं नाही. कंपनीचे साहेब येतील त्या दिवशी, भर सभेत, त्या आवाजात सांगायचं. घरी आरशासमोर त्यांनी वाक्यंही बसवली. पहिलं वाक्य होतं: साहेब, आपल्या कांद्याचं अभिनंदन.

सभेच्या दिवशी मंडप होता, स्क्रीन होती आणि स्क्रीनवर ‘शंभर टक्के’ असं हिरव्या अक्षरांत झळकत होतं. संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव फेटा बांधून बसले होते. दिग्विजयचा वर्ग पुढे, पहिल्यांदाच आंघोळ केल्यासारखा. निरंजन सरांनी भाषण केलं. मग साहेब माइकपाशी आले, आणि कोणाच्याही कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं ते त्यांनी केलं.

“एक सोपा प्रश्न विचारतो,” ते म्हणाले. “भागीरथी आयुष्यभर नवऱ्याशी का बोलत नाही? कोण सांगेल?”

वर्गाच्या माना एकसाथ खाली गेल्या. दिग्विजय बुटाची नाडी बांधायला लागला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. निरंजन सर घामाने निथळले. मॅडमनी पदर खोचला. हीच वेळ. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“ती रुसलेली नाहीच,” वर्गाच्या मागच्या रांगेतून आवाज आला.

पिंकी उभी होती. कोणाशी तरी भांडत असल्यासारखी.

“ती जेवायला वाढत होती. वाढता वाढता त्याला कायतरी सांगत होती, तिच्या माहेरचं, लहानपणीचं. अर्धंच झालं होतं. तेवढ्यात वासरू सुटलं म्हणून तो उठला. वासरू बांधून आला, हात धुतला, परत जेवायला बसला. पण ‘मग पुढं काय झालं’ असं इचारलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. त्यानं इचारायची वाट बघायली ती. बोलत नाही असं नाही. थांबलीय ती.”

मंडपात कुजबूज झाली. साहेबांनी हातातल्या मोबाईलवर बोट फिरवलं. “पण इथे उत्तर वेगळं आहे. नवऱ्याने तिच्या पाटल्या मोडल्या, म्हणून.”

“वासराच्या आधी मोडल्यात त्या,” पिंकी म्हणाली. “तवा बोलत होती की ती. चांगली भांडली.”

“सॉरी सर,” निरंजन सर धावले. “ही मुलगी जरा कच्ची आहे. वाचन नीट झालेलं नाही तिचं. बस खाली, कांदा... पिंकी.”

पोरं हसली. पिंकीचा चेहरा लालबुंद झाला, पण ती बसली नाही. बसवलेलं वाक्य मॅडमच्या जिभेच्या टोकावर होतं. ते उच्चारलं की मोबाईल, मोटर, चिमटे, सगळं बाहेर येणार होतं. आणि ही उभी असलेली पोरगी फोडी बदलणारी ठरणार होती, वाचणारी नाही.

“तिचं बरोबर आहे!”

मंडपाचं कापड हललं, असं लोक सांगतात. साहेबांनी माइक खाली ठेवला. या आवाजाला त्याची गरज नव्हती.

“तुमचं अ‍ॅप चुकलंय,” मॅडम म्हणाल्या. “तिने कादंबरी वाचली आहे. शब्द न् शब्द. हे मी सांगते.”

अर्जुनराव उठले, त्यांनी हात पसरले. “बघा साहेब! अ‍ॅपवर वाचून पोरगी अ‍ॅपच्या म्होरं गेली! आन् मराठीच्या मॅडम सोता सर्टिफिकेट द्यायल्यात. आता आनखी काय पायजे?”

टाळ्या थांबेनात. वर्गाला ट्रेनी मिळालं. अ‍ॅप सगळ्या कॉलेजांना लागू झालं. मोबाईल गोळा होऊन दुसऱ्या कॉलेजला रवाना झाले. मॅडमना शाल मिळाली आणि नारळ. त्यांनी तो तिथेच, सगळ्यांदेखत कानाशी धरून हलवला. पाणी होतं. थोडं.

शेवटच्या दिवशी दुपारी त्या कुरुळी फाट्यावर भोसरीच्या बससाठी उभ्या होत्या. एका खांद्याला पर्स, दुसऱ्याला पुस्तकांची पिशवी. ट्रकमागून ट्रक जात होते, धूळ उडत होती. थांब्याच्या दुसऱ्या टोकाला पिंकी येऊन उभी राहिली, पाठ करून.

“आभार मानायला आली असशील तर नको,” मॅडम म्हणाल्या.

“कशाचे आभार? बसला थांबलेय मी.”

“चाकणची बस पलीकडच्या बाजूला येते.”

पिंकी हलली नाही. रस्त्याकडे बघतच म्हणाली, “तास पुरे झाले की अ‍ॅप बंद पडलं. अभिनंदन म्हणालं आन् पुस्तकच उघडेना. दोन प्रकरणं ऱ्हायली होती.”

“मग?”

“मग काय? मला काय करायचंय त्याचं.”

“विचार तुझ्या कांद्याला.”

“तुमाला येत नसंल तर तसं सांगा.”

मॅडमनी तिच्या पाठीकडे रागाने बघितलं. पिशवीत हात घातला, कादंबरी काढली, चष्मा लावला. पुस्तक पुढे केलं नाही. स्वतःच उघडलं, आणि वडिलांना, भिवांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागल्या. पानटपरीवाल्याने रेडिओ बंद केला. भागीरथी म्हातारी झाली होती. नवरा अंथरुणाला खिळला होता. तिने पेज आणून त्याच्या उशाशी ठेवली, आणि त्याने पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवली, आणि...

मॅडम तिथेच थांबल्या. बोट ओळीवर ठेवलं आणि तोंड मिटून घेतलं.

भोसरीची बस धुरळा उडवत येऊन उभी राहिली. दार उघडलं. “चला मॅडम, लवकर,” कंडक्टर ओरडला. मॅडम पुस्तकाकडेच बघत होत्या. पिंकी ट्रककडेच बघत होती. कंडक्टरने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि घंटीच्या दोरीला हात घातला.

“पुढं?” पिंकी म्हणाली. वळली नाही.

मॅडमनी खांद्यावरची पिशवी उतरवून बाकावर ठेवली.