चौथा होकार

हातखंब्याच्या अलीकडच्या त्या वाडीत मंगळवारी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. कंदमहाराज आले होते. मधुमेह, वात आणि मूल न होणं, तिन्हींवर त्यांच्याकडे कंदाच्या रसाची एकच बाटली. रोग तीन, औषध एक. देवाचीसुद्धा केवढी सोय!

पण बाटली नंतर. आधी महाराजांनी मनातलं ओळखलं. डोळे मिटून म्हणाले, "इथे एक आई उभी आहे. मुलगा मुंबईला. फोन येतो, पण पहिल्यासारखा बोलत नाही."

सावित्रीकाकू हुंदका देत पुढे आल्या. त्यांच्यामागोमाग आणखी पाच जणी आल्या. महाराज आपल्याबद्दलच बोलले, अशी सहाही जणींची खात्री होती.

रसिका मागे आंब्याखाली उभी होती. ती हायस्कुलात मराठी शिकवायची, आणि भाषणात भीती, माया नि घाई कशी पेरतात हे तिनं नुकतंच नववीला शिकवलं होतं. घरटी एक मुलगा मुंबईला असलेल्या वाडीत एवढं ओळखायला दिव्यदृष्टी कशाला लागते, या विचारानं तिला हसू आलं. मग पहिल्या रांगेत तिला आपले वडील दिसले आणि तिचं हसू मावळलं. आत्माराम अकरा वर्षं इन्सुलिनवर होते.

महाराजांनी आता नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. कोकणातल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. एकानं देवापुढे म्हणणं मांडायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गाऱ्हाण्यात 'नाय' म्हणायची रीतच नाही.

"देवा, ही लेकरं कष्टानं मोडली!"

"व्हय म्हाराजा!"

"जन्मभर गोळ्या खाल्ल्या!"

"व्हय म्हाराजा!"

"तरी दुखणं सुटलं नाही!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हणून आज दिवस मावळायच्या आत सुया फेकून कंदाला शरण आली!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज आत्मारामांचा होता.

घरी येऊन त्यांनी महाराजांची बाटली देव्हाऱ्यापाशी ठेवली आणि इन्सुलिनची बाटली परसात फोडली. रसिकानं संध्याकाळच्या आत नवी आणली, पण ते दंड पुढे करीनात.

"आप्पा, पाया पडते तुमच्या. सुई बंद करू नका."

"बाय माजे, देवासमोर व्हय म्हटलाय मी. आता फिरलो तर देव काय म्हनल?"

"तुम्ही देवाला नाही, त्या माणसाला म्हटलंत."

"पन नारळ देवापुढंच व्हता ना?"

सहा दिवसांत आत्माराम निम्मे झाले. घागरभर पाणी प्यायचे आणि तरी ओठ कोरडेच.

पुढच्या मंगळवारी महाराजांची गाडी यायच्या आधी रसिकानं देवळासमोर नारळ उचलला. "बाईमानसान गाऱ्हानं?" अशी कुजबुज झाली. लवू गुरव म्हणाला, "घालूं दे. पोर आपलीच हाय."

"देवा, ही वाडी डोंगराच्या कुशीत वसली!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरं मुंबईला गेली!"

"व्हय म्हाराजा!"

"आंब्याला फवारण्या मारून कंबरा मोडल्या!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि भाट्याचा समुद्र उसाच्या रसासारखा गोड झाला!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झाल्यावर माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग लवू गुरव खो खो हसला आणि सगळी वाडी हसली.

"कळलं?" रसिका म्हणाली. "पहिली तीन वाक्यं तुमची असतात, म्हणून खरी असतात. चौथं महाराजांचं असतं. तोंडाला होकाराची सवय लागली की चौथं तपासायचं राहून जातं. वर दिवस मावळायची घाई, म्हणजे घरी जाऊन विचार करायलाही वेळ नको."

माना डोलल्या. आपण जिंकलो, असं तिला वाटलं. तेवढ्यात गाडी आली आणि त्याच हसऱ्या तोंडांनी माणसं रांगेत उभी राहिली. सावित्रीकाकू पहिल्या. "पटला गो, सगळा पटला. पन माज्या पोराचं त्यान बरोबर वळखलान का नाय?"

आत्माराम तेवढे रांगेत गेले नाहीत. वाटेत ते लेकीला म्हणाले, "तू म्हंतेस ता खरा. त्यान आमाला फसवलान."

"मग आज सुई घेता?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "त्यान मला फसवलान. पन देवाला व्हय मी म्हटलाय. म्हून मी पन देवाला फसवू?"

तिसऱ्या दिवशी सकाळी ते चुलीपाशी बेशुद्ध पडले. रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन कधी थांबवलं?" रसिकानं तारीख सांगितली. महाराजांच्या औषधाची उरलेली बाटली तपासायला दिली तेव्हा तिच्यात काडेचिराईत आणि गूळ निघाला. मधुमेहाच्या माणसाला गूळ! रविवारी आत्माराम गेले. महाराजांची गाडी तोवर दुसऱ्या वाडीला लागली होती, आणि समाचाराला आलेले लोक 'देवाची इच्छा' म्हणत होते.

वाचणाऱ्यांनो, बोलणारा तुमचंच दुःख तुम्हाला ऐकवू लागला की सावध व्हा. पुढच्या वाक्याला पुरावा मागा, आणि तो मिळेपर्यंत तोंड बंद ठेवा. चुकून होकार गेलाच, तर तो उघडपणे मागे घ्या. फसवून घेतलेला शब्द मोडला म्हणून कुठलाही देव रागावत नाही. एवढी साधी गोष्ट रसिकाला आपल्या बापाला पटवता आली नाही.