पौषात बांधलेलं तोंड

दोरीवरून एक जांभळं ब्लाउज गेलं.

मस्कतच्या बाहेर एका वसाहतीत राहून दुर्गाबाईचा मुलगा अश्विन क्रेन चालवतो.

पेटीत तिचा एक कोरा पासपोर्ट आहे. श्रीलंकेच्या सहलीसाठी काढलेला. निघायच्या सकाळीच दुर्गाबाईचं पोट दुखलं.

वैशाखात अख्खी अमरावती स्कार्फनं तोंड बांधून फिरते.

पौषात कोणी बांधत नाही. सुनेनं, पौर्णिमानं, बांधलं.

ही शेवटची खबर शेजारच्या वच्छलानं आणली. तुमची सून रविवारी अकोल्याच्या बसमध्ये चढली, नुसते डोळे दिसत होते, असं ती म्हणाली आणि वरून विचारलं, "ऊन नाही तं तोंड कावून लपवते, बाई?"

दुर्गाबाईनं उडवून लावलं. पण ताट अर्धं ठेवूनच उठली. नवरा तिकडे, ही दर रविवारी अकोल्याले. मैत्रीण आहे म्हणते. मैत्रिणीकडे जायला कोणी चोरासारखं जातं का? उद्या ही निघून गेली तर या घरात आपण आणि भिंती. अश्विनला फोन करावा असं तिच्या मनात दहादा आलं. पण तोही हल्ली बोलता बोलता थांबायचा. दोघं मिळून काही शिजवत असतील का?

पुढच्या रविवारी तिनं सुनेचाच जुना स्कार्फ काढला, डोळ्यांपुरती फट ठेवून घट्ट बांधला आणि त्याच बसमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसली. मूर्तिजापूरला पौर्णिमा मागे वळली, तशी हिनं मान खाली घातली.

अकोल्यात पौर्णिमा एका गल्लीत शिरली. शिलाई मशीनचा आवाज येत होता. दुर्गाबाई दाराबाहेर उभी राहून कानोसा घेऊ लागली. आत पुरुषाचा आवाज कुठं ऐकू येतो का?

"आई, या आत," पौर्णिमा म्हणाली. "बसमध्ये तोंड बांधलेल्या आपण दोघीच होतो."

आत मशीनवर नफीसा होती, पौर्णिमाची कॉलेजातली मैत्रीण. समोर लांब, ढगळ कुर्ते टांगलेले. आणि टेबलावर जांभळं ब्लाउज.

"हे माह्यं आहे," दुर्गाबाई म्हणाली.

"मापाले आणलं," पौर्णिमा म्हणाली. नफीसानं नवं ब्लाउज उलगडून दाखवलं. बाह्या मनगटापर्यंत, उंची कमरेच्या खाली, पोट दिसायचं नावच नाही. अश्विन दोघींनाही तिकडे नेणार होता, आणि त्याच्या वसाहतीत बायका अंगभर घालतात, डोकं झाकतात. आपणही त्यांच्यात शोभून राहावं, आणि आईंचं लुगडंही सुटू नये, म्हणून हा खटाटोप. स्कार्फची सवय पौर्णिमा आत्तापासून करत होती. नफीसा हसत म्हणाली की तोंड नाही, केस झाकायचे, हे हिला चार वेळा सांगितलं. पण हिचा हात अमरावतीच्या उन्हात शिकलेला.

"मले सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं असतं तं तुमचं पोट दुखलं असतं."

दुर्गाबाई खुर्चीवर टेकली. तोंडावरचा स्कार्फ तिनं सोडला नाही. आपल्याला नेतात, हे खरं. पण का नेतात? घर विकायचं असेल. म्हातारीला तिकडे पुढं होणाऱ्या नातवंडांच्या मागे फिरवायचं असेल. एवढा गोडवा फुकट नसतो.

"परत कवा येऊ आपण?"

"तुमी म्हणसान तवा."

हे उत्तर जरा जास्तच लवकर आलं, असं तिला वाटलं. सुनेच्या डोळ्यांत तिनं खूप वेळ पाहिलं. काही सापडलं नाही. मग उठून नवं ब्लाउज उचललं, बाहीत हात घालून पाहिला आणि नफीसाला म्हणाली, "दंडात घट्ट होते. ढिलं कर."

जांभळं ब्लाउज दोरीवरून जायच्या आदल्या दिवशी दुर्गाबाईनं फोनवर अश्विनला सांगितलं होतं की मले इथं तुह्याबिना करमत नाही.