खेळण्यांची रजा

शेवटचा खोका तळघराच्या पायऱ्यांवरून खाली नेताना आतली लाकडी बदकं खडखडली. वरच्या पायरीवर उभी राहून चार वर्षांची फेन्या त्यांना हात हलवत होती.

"नीट राहा हं," ती म्हणाली. "भांडू नका."

तिच्या बालवाडीतली खेळणी सुट्टीवर गेली होती. तीन महिने मुलांनी खुर्च्या, चादरी आणि एकमेकांवर भागवायचं, अशी तिथली रीत. फेन्याच्या आईला, वीबकेला, ती इतकी पटली की तिने घरच्या खेळण्यांनाही रजा मंजूर केली. सात खोके भरले. त्यांतले साडेपाच वीबकेच्या वडिलांनी, एगर्टने, आणलेल्या खेळण्यांचे होते. ते तळघरात नेण्याचं कामही त्याच्याकडेच आलं.

"एवढ्याशा पोरीला इतकी खेळणी लागतात कशाला, बाबा?"

"इतकी नाही लागत. पुढचं एक लागतं."

"पुढच्या शनिवारी मोकळ्या हातांनी यायचं."

एगर्टने मान डोलावली. बायको गेल्यापासून दर शनिवारी तो पिशवी घेऊन यायचा. फेन्या धावत यायची ती पिशवीकडे, आणि पिशवीमागे तो असल्यामुळे त्यालाही मिठी मिळायची. पिशवी नसली तर ती धावेल का, ही शंका त्याने कुणाला बोलून दाखवली नाही. घरी जाताना ट्राममध्ये दोन थांबे पुढे गेला, एवढंच.

पुढच्या शनिवारी दार फेन्याने उघडलं. तिने त्याचा उजवा हात पाहिला, मग डावा.

"पिशवी कुठाय?"

"नाही आणली."

"मग तू कशाला आलास?"

स्वयंपाकघरात रूबार्बचे आंबट देठ चिरणारी वीबकेची सुरी थांबली.

"मलाही तेच बघायचं होतं," एगर्ट म्हणाला.

फेन्याने विचार केला. मग त्याचा कोट मागून घेतला, दोन खुर्च्यांवर पसरला आणि खाली बोट दाखवलं.

"ही गुहा. तू अस्वल. आत जा."

एगर्ट अकरा वर्षांत जमिनीवर बसला नव्हता. तो आत गेला. बाहेर काढायला दोघी लागल्या.

नंतरच्या शनिवारी तो तिकीट तपासनीस झाला, मग आजारी साळिंदर, आणि एकदा तासभर कपाट. कपाटाचं काम त्याला सर्वांत चांगलं जमलं. मध्ये थोडी डुलकीही झाली. मे महिना लागला तेव्हा तो घंटा वाजवायच्या आधीच दार उघडू लागलं होतं. त्याच्या हातांकडे कुणी पाहत नव्हतं.

तीन महिने संपले त्या शनिवारी फेन्या दुपारची झोपली होती. वीबकेने तळघराची किल्ली पुढे केली.

"खोके वर आणून ठेवा, बाबा. उठल्यावर खूश होईल. आणि आता पिशवी चालेल. लहानशी."

एगर्ट खाली गेला. बराच वेळ खालून काही आवाज आला नाही. मग तो पायऱ्या चढून मोकळ्या हातांनी वर आला.

"काय झालं?"

"रजा वाढवून मागतायत."

"कोण?"

"सगळेच. मी म्हटलं, विचारून सांगतो."

वीबकेने किल्लीसाठी हात पुढे केला. एगर्टने किल्ली खिशात टाकली आणि तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आभारी आहे," तो म्हणाला.

"किल्लीबद्दल?"

"हं. किल्लीबद्दलच समज."