न जोडलेल्या तारा

शेनझेनच्या त्या जुन्या कामगार वसाहतीचं सभागृह सकाळी सातलाच भरलं होतं. स्टुलं संपली तशी म्हातारी माणसं खिडक्यांच्या कठड्यांवर टेकली. समोर पांढऱ्या कोटातले छ्यू गुरुजी. एकेकाने पुढे यायचं, तांब्याच्या दोन कांड्या मुठीत धरायच्या, गुरुजींनी बटण दाबायचं, की पेटीवर रक्तातल्या साखरेचा हिरवा आकडा उमटायचा.

"सुई नाही, रक्त नाही! डॉक्टर तुम्हाला विचारतो, ही पेटी तुमच्या पेशींना विचारते!"

थान देछ्वानचा आकडा आला पाच पूर्णांक सात, तिकडच्या मापात अगदी निरोगी माणसाचा.

"साखर पळाली!" गुरुजी ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्याची धाकटी बहीण रुइफेन मागे उभी होती. तिने टाळी वाजवली नाही. पेटीच्या लहरींनीच साखर उतरते, या गुरुजींच्या भरवशावर दादाने तीन आठवडे इन्सुलिन घेतलं नव्हतं आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती.

रुइफेनची वीस वर्षं हुआछ्यांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चिपांमध्ये प्रोग्रॅम भरण्यात गेली होती. दादाने घरी आणलेली तसलीच पेटी तिने आपल्या गाळ्यावर उघडली. चिप ओळखीच्या घराण्यातली निघाली. हिशेब करणारा मेंदू, स्मरण, घड्याळ आणि विजेचा दाब मोजून त्याचा आकडा करणारा भाग, सगळं नखाएवढ्या तुकड्यात. असल्या चिपा तिने तराजूंत आणि रक्तदाबाच्या यंत्रांतही बसवल्या होत्या. मोजायला एकदम चोख. पण इथे कांड्यांच्या तारा चिपच्या मोजणाऱ्या पिनांपर्यंत आल्याच नव्हत्या. बोर्डाच्या कोपऱ्यात डाग देऊन नुसत्या चिकटवल्या होत्या. प्रोग्रॅमला कुलूपही नव्हतं. तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि पेटी पुन्हा बंद केली.

दुसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन थेट मंचावर चढली. सगळ्यांदेखत तिने दोन्ही तारा कापल्या, कांड्या पिशवीत टाकल्या आणि बटण दाबलं. पाच पूर्णांक चार. पुन्हा दाबलं. पाच पूर्णांक नऊ.

"ही साखर कुणाची? टेबलाची?"

कुणीतरी खुदकन हसलं.

"आत एक घड्याळ सारखं पळत असतं. बटण दाबलं की ते जिथं असेल तिथून आकडा उचलायचा आणि पाच-सहाच्या मध्ये बसवायचा. एवढंच लिहिलंय आत! चिपला मोजता येतं हो, पण तिला मोजायला काही दिलंच नाहीये."

गुरुजी गोड हसले. "ताई, लहरींना तार कशाला लागते? पेटीजवळ तुम्हीच उभ्या होतात. तुमचीच साखर आली!"

पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेतली म्हातारी खेकसली, "उतर गं खाली, आमचा नंबर येऊ दे."

रुइफेनने खाली उतरून तिथेच दादाचं बोट धरून सुई टोचली आणि दवाखान्यातून दिलेल्या छोट्या यंत्रावर रक्ताचा थेंब ठेवला. बावीस, निरोगी माणसाच्या चौपट.

"सुईनं रक्त घाबरतं," देछ्वान म्हणाला. "म्हणून आकडा चढतो."

"दादा, रक्त घाबरत नसतं रे!"

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही, एवढंच आहे."

त्यानंतर बाराव्या दिवशी त्याचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. रुइफेन सूप घेऊन वॉर्डात गेली, तेव्हा तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होता, "पेटी चांगलीच होती. मीच उशिरा सुरू केली." त्या माणसाची बायको कागदावर सभागृहाचा पत्ता उतरवून घेत होती.

"काकू," रुइफेन म्हणाली, "आकडा बघून हुरळू नका. तो आला कुठून, ते आधी विचारा. आत काय जोडलंय, उघडून दाखवा म्हणा. जो उघडायला नकार देईल त्याच्या हाती माणूस देऊ नका. आणि काही झालं तरी औषध थांबवू नका."

काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पत्त्याच्या कागदाची घडी करून खिशात ठेवली.