पाव फेरा

कॉर्नेलियस गॅहनने शिट्टी फुंकली आणि पेम्ब्रोक हाउसच्या पायाशी वाकलेल्या पाचशे माणसांनी लोखंडी जॅकचे दांडे पाव फेरा ओढले. पाव म्हणजे पाव. पाच मजली विटांचं हॉटेल, आत दीडशे पाहुणे, टेबलांवर न्याहारी मांडलेली. ते सगळंच्या सगळं केसभर वर सरकलं. वर कुणी जेवताना मानसुद्धा उचलली नसेल.

शिकागोत तेव्हा हेच चाललं होतं. सांडपाण्याचे नळ टाकायचे म्हणून रस्ते पाच-पाच फूट उंच केले आणि घरं राहिली खड्ड्यात. दुसऱ्या एखाद्या गावाने कपाळाला हात लावला असता. शिकागोने घरंच उचलायला घेतली. हॉटेलच्या मालकाची अट एकच होती: पाहुण्यांना काही कळता कामा नये, कळलं तर भिऊन पळतील.

मुकादम गॅहनची मुलगी होनोरा वर जेवणघरात वाढायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माणसांसाठी कॉफीची किटली घेऊन तळघरात उतरली ती फणकारतच.

"बा, त्या थोरोल्ड साहेबाने आज काय लिहिलंय माहितेय?"

थोरोल्ड हा इंग्रज. गावोगाव फिरून पुस्तकं लिहायचा. इथे आला आणि त्याचा पाय संधिवाताने असा सुजला की सकाळपासून तो पाय स्टुलावर ठेवून खिडकीशी बसून असे. अख्खं शिकागो त्याने त्या एका काचेतून पाहिलं होतं. होनोरा ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत शिकलेली; कॉफी ओतता ओतता त्याच्या खांद्यावरून वहीतलं वाचून यायची. गॅहनला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण हा साहेब आल्या दिवसापासून त्याने एक गोष्ट मनाशी धरली होती. पुस्तक लंडनला छापणार. त्यात कुठेतरी येणार की मायोच्या आयरिश माणसांनी माणसांसकट हॉटेल उचललं.

का, ते फक्त त्याच्या गाववाल्या फेलिम टूहीला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी मायोत जमीनदाराच्या माणसांनी पहारी लावून गॅहनचं घर एका सकाळीत पाडलं होतं. म्हातारी आई रस्त्यावर बसून बघत होती. तो जमीनदार असली पुस्तकं मागवून वाचायचा.

"बोल ना, काय लिहिलंय?" गॅहन म्हणाला.

"लिहितो, ‘हे शहर चिखलात बुडत आहे. खिडकीसमोरचा रस्ता रोज फूटभर खाली जाताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. थोड्याच वर्षांत इथे बेडूक तेवढे उरतील.’"

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग फेलिमने मांडीवर थाप मारली.

"रस्ता खाली जातोय? अरे गाढवा, तूच वर चाललायस!"

"हळू बोल, वर ऐकू जाईल," गॅहनने दटावलं.

"जाऊ दे की!" फेलिमचं हसू एकदम ओसरलं. "मुकादम, त्याच्या खिडकीखालचे जॅक माझे आहेत. एकच अर्धा फेरा. शाईची दौत मांडीवर उलटली म्हणजे विचारील, हे काय झालं. मग लिहील झक मारत."

सगळे गॅहनच्या तोंडाकडे बघत होते.

"बाजूला हो," तो म्हणाला. "मीच ओढतो."

त्याने दांडा धरला. डोक्यावरच्या फळ्यांतून साहेबाचा खोकला ऐकू येत होता. गॅहनने शिट्टी फुंकली. पाचशे दांडे हलले, त्याचाही हलला, आणि पाव फेऱ्याशी येऊन थांबला. त्याने पुन्हा जोर लावला. मनगटाची शीर तटतटली, कपाळावर घाम आला, पण दांडा तिथेच.

"अडकला काय?" फेलिमने विचारलं.

"अडकला कसला! हातच पुढे जाईना." गॅहनने दांडा सोडून दिला. संतापाने त्याला रडू फुटायच्या बेतात होतं. "भिंतीला तडा जाईल रे. भिंतीच पाडायच्या असत्या तर मायोतच राहिलो असतो, त्यांची पहार घेऊन. चला, आपापल्या जागी!"

पाचव्या दिवशी हॉटेल रस्त्याच्या बरोबरीला आलं. पायाच्या नव्या भिंतीत शेवटच्या विटा बसत होत्या, तेवढ्यात होनोरा धावत खाली आली. साहेबाचं सामान बांधून झालं होतं. संध्याकाळच्या गाडीने तो निघणार होता.

"बा, शेवटचं पान! पाठच करून आलेय." तिने श्वास घेतला. "‘या बुडत्या शहरात भरवशाची अशी एकच गोष्ट मला सापडली, ती म्हणजे हे हॉटेल. पाच दिवसांत माझ्या पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. इतकं अढळ घर मी लंडनातही पाहिलेलं नाही.’"

"आणि आपलं नाव?" फेलिम म्हणाला.

"नाही."

"मेल्याला अजूनही पत्ता नाही!"

गॅहनने टोपी काढून हातात घेतली.

"पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं.

"पाणीसुद्धा?"

"पाणीसुद्धा, बा."

"ऐकलंत का रे?" तो माणसांकडे वळला. आवाज खाली ठेवायचं त्याला भान होतं, पण तोंडभर हसू फुटलं होतं. "लंडनातसुद्धा नाही म्हणतोय!"

ओळीओळीने ती गोष्ट पार टोकापर्यंत गेली. पाचशे माणसं तोंडावर टोप्या दाबून हसत सुटली. फेलिमने आणखी थोडा वेळ तोंड वाकडं ठेवून पाहिलं, मग त्यालाही ते जमेना.

गॅहनने बाहीने डोळे पुसले.

"पोरी, साहेब जेवून निघणार ना? त्याच्या बटाट्यांवर आज दुप्पट लोणी घाल," तो म्हणाला. "कुणी पाठवलं ते मात्र सांगू नकोस."