पोचल्याची रिंग

फोनच्या पाठीला खालच्या कडेशी एक खाच होती, नखाएवढीच, आणि मनात काही यायच्या आत तिच्या उजव्या अंगठ्याचं नख तिथे जाऊन बसलंही होतं. दाबायचं, जरासं उचलायचं, मग तो बारीक 'टक्'. पाठ निघाली. आत बॅटरी, बॅटरीखाली सिम, आणि सिमवर पांढरी भुकटी... ती खडूची होती, कारण फोन टेलरकाकांचा होता आणि काकांच्या सदऱ्याच्या खिशात फोनसोबत कापडावर खुणा करायचा खडू राहत असे.

हे एक नख ती चौदा वर्षं राखत आली होती. नऊ कापायची, दहावं ठेवायचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ते न्याहाळून विचारलं होतं, "कापताना मोजायला चुकलीस का गं?" तेव्हा तिने सांगितलं होतं की हे माझं हत्यार आहे, याच्यावर माझं पोट चालतं. आता ते हत्यार म्यान करायची वेळ आली होती. नव्या फोनना पाठच नसते. कडेला सुईच्या नेढ्याएवढं एक भोक असतं, त्यात पिन खुपसायची. आणि पडद्यावर तर नखाला कुणी विचारत नाही, काचेला बोटाचं मांस लागतं... चौदा वर्षांत कमावलेली एकुलती एक कला, आणि तिला उद्यापासून धूळही खायला मिळणार नव्हती, कारण ती रविवारी नेलकटरने कापून टाकता येण्यासारखी होती.

"ताई, हा चालतोय की," काका म्हणाले. "मग बंद कशाला पाडताय?"

"फोन चालतोय काका. त्याचं नेटवर्क बंद होतंय. आज दुपारी बारा वाजता."

"म्हणजे मशीन धडधाकट, पण दोराच मिळणार नाही."

"तसंच."

काका यावर हसले नाहीत, खालमानेने नव्या फोनकडे पाहत राहिले. गळ्यातली टेप त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. ते उभे होते, कारण खुर्च्या काल संध्याकाळीच गेल्या होत्या. तीही उभी होती, कारण मोबाइल कंपनीच्या त्या दुकानातला तिच्यासमोरचा काउंटर या क्षणी सुतार खोलत होता. सकाळपासून एकेक स्क्रू काढून तो डब्यात टाकत होता, आणि दर स्क्रूला डबा वाजत होता. आता काउंटर नाही, टोकन नाही, हातात एक पाटी — म्हणजे टॅब्लेट — घ्यायचा आणि ग्राहकाच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. समोर उभं राहिलं की अडथळा वाटतो, बाजूला उभं राहिलं की आपुलकी वाटते, असं साहेबांनी दोन दिवसांच्या प्रशिक्षणात फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर आता 'सोबती' असं लिहिलं होतं. नव्याचे नऊ दिवस, असं ती मनाशी म्हणाली होती खरी, पण नवं एकदा आलं की दहाव्या दिवशी परत जात नाही, तिथेच राहतं आणि जुनं होतं, हेही तिला एव्हाना कळत होतं.

आणि मागच्या खोलीतलं कपाटही गेलं. लहान लहान कप्प्यांचं ते लोखंडी कपाट, ज्यात दुकानातल्या माणसांनी सकाळी आपापला फोन आवाज बंद करून ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत काढायचा. त्या जागी आपोआप सिम देणारं यंत्र येणार होतं. नवा नियम असा की 'सोबती'चा फोन त्याच्या हातात हवा, आवाज चालू हवा, ग्राहकाला आपल्याच फोनवर करून दाखवता आलं पाहिजे. सकाळी साहेबांनी हे सांगितलं तेव्हा इतर खुश झाले. तिला मात्र उगाच अंगावरचं पांघरूण कुणी ओढून घेतल्यासारखं वाटलं होतं.

त्या कपाटातला सात नंबरचा कप्पा तिचा. चार वर्षांपूर्वीच्या एका दिवशी दीड वाजता तिने तो उघडला तेव्हा फोनवर नानांचे, तिच्या वडिलांचे, नऊ कॉल होते. पहिला अकरा वाजून पाच मिनिटांचा. शेवटचा बारा वाजून दहा मिनिटांचा, आणि त्यानंतर एकही नव्हता, कारण त्यानंतर करायची गरज उरली नव्हती. आई गेली होती. चार तासांच्या अंतरावर, त्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात... आणि ती इथे, काउंटरच्या अलीकडे, कुणाच्या तरी फोनची पाठ उघडत होती. सगळं आटोपल्यावर नाना एवढंच म्हणाले होते, आणि तेही न रागावता, "साऱ्या गावाचे फोन तू जोडून देतेस. माझा तेवढा लागला नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, रडता येतं, शब्दाने शब्द वाढवता येतो. या वाक्यापुढे काय वाढवणार? ती मूग गिळून बसली, आणि पुढेही बसूनच राहिली. नानाही. भांडण झालंच नाही, पण अबोला मात्र रीतसर सुरू झाला. वर्षातून दोनदा ती जाऊन यायची. नळ गळतो का, गुडघे कसे आहेत, जेवलीस का — एवढं झालं की बसची वेळ व्हायची.

फक्त त्या अबोल्याला एक भोक होतं. आईला जाऊन महिना झाल्यावर एके दिवशी कप्पा उघडला तर नानांचा एक मिस्ड कॉल. अकरा वाजून पाच. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी तसाच... आणि मग तिला उलगडलं. ही आईची रीत होती. ती कॉलेजला परगावी राहायची तेव्हा आईने घालून दिलेली — पोचलीस की एक रिंग दे आणि ठेव, मी उचलणार नाही, मी समजेन. पोचल्याची रिंग. इकडून एक, तिकडून एक. बोलायचं काही नाही, फक्त मी आहे, तूही आहेस. नानांनी आईची ती रीत पुढे चालवली होती, आणि वेळ नेमकी अशी निवडली होती की फोन कपाटात असणार, चुकूनही उचलला जाणार नाही. सुट्टीच्या दिवशीही ती फोन दीडपर्यंत आवाज बंद करून दूर ठेवायची, रीत मोडू नये म्हणून. अकरा-पाच. पहिल्या कॉलची वेळ. म्हणजे मी जिवंत आहे, आणि मी विसरलेलो नाही. दोन्ही एकाच रिंगमध्ये. बोच होती त्यात, पण आधारही होता, आणि चार वर्षं तिने दोन्ही निमूटपणे घेतलं. दीड वाजता कप्पा उघडायचा, पाहायचं, आणि उलट एक रिंग द्यायची — एकच, लगेच कापायची. पोचली. नवरा रात्री जेवताना विचारायचा, "नानांचा आला?" "आला." विषय संपला.

पण नानांचा फोन जुना होता, बटणांचा, टेलरकाकांच्या फोनचा सख्खा भाऊ. आणि बारा वाजता...

तीन आठवड्यांपूर्वी तिने नवा फोन कुरिअरने पाठवला होता, आत सिम घालून, वर चिठ्ठी लावून: 'जुना बंद होणार आहे. हिरवं बटण तसंच आहे.' पोचल्याची सही आली होती. पुढे खोकं उघडलं की नाही ते कळलं नव्हतं, आणि विचारायचं तर बोलावं लागलं असतं. तीन महिने ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच तेच समजावत होती, म्हाताऱ्यांचे हात धरून नवी बटणं दाखवत होती, आणि स्वतःच्या बापापाशी येऊन तिचं घोडं अडलं होतं. आज अकरा-पाचचा कॉल जुन्या फोनवरून येईल. आणि उद्या अकरा-पाचला काहीच आलं नाही, तर ते नेटवर्क गेलं म्हणून, की...

"ताई, त्यातली नावं यात येतील ना? माझं वाचन कच्चं आहे. मी कुणाचं नाव कितवं आहे ते मोजून ओळखतो."

"येतील काका. पण क्रम तोच राहील का, ते बघावं लागेल."

"क्रम बदलला तर मी मुलीऐवजी बटणवाल्याला फोन लावीन."

तिला हसू आलं, ती मान हलवून सिम नव्या फोनच्या खणात बसवायला लागली, आणि तेवढ्यात तिच्या डाव्या हातातला तिचा स्वतःचा फोन वाजला. ती दचकली. कामाच्या वेळेत आपला फोन कसा वाजतो हेच तिला ठाऊक नव्हतं. पडद्यावर 'नाना'. वर अकरा वाजून पाच मिनिटं.

एक रिंग. तिने फोन काकांच्या नजरेआड, पोटाशी धरला. आता थांबेल.

दुसरी.

"घ्या की," काका म्हणाले. "मी थांबतो."

"नाही, ते... मिस्ड कॉल देतात. रोज."

तिसरी. कापायला उशीर झाला असेल, बोटं थरथरतात हल्ली. चौथी. सुताराने मान वर करून पाहिलं. पाचवी... विसरले का ठेवायला? काही झालंय का? उचलू का — पण उचललं तर मोडेल, चार वर्षं जे सांभाळलं ते मोडेल, आणि उचलून बोलू काय? सातवी. आठवी.

"मिस्ड कॉल असा असतो होय?" काकांनी टेप सोडली. "इतका वेळ? हा तर फोन आहे."

बारावी रिंग अर्ध्यावर तुटली. ती त्यांनी ठेवल्यामुळे तुटली नव्हती. कुणी उचललंच नाही की कंपनीच जोडणी सोडून देते, तशी तुटली. हे तिला कळायला एक क्षणही लागला नाही. बारा रिंगा झाल्या की लाइन सुटते हे ती दिवसातून दहा जणांना सांगत होती.

पडद्यावर आलं: १ मिस्ड कॉल, नाना, ११.०५.

रोज यायचं तेच. अक्षर न् अक्षर तेच. चार वर्षं कप्पा उघडून तिने हेच वाचलं होतं, आणि त्यात कधीच लिहिलेलं नसतं, की किती वेळ वाजला. एक रिंग देऊन ठेवलेला आणि शेवटपर्यंत वाट पाहिलेला, दोन्ही तिथे सारखेच दिसतात. मी रोज लोकांना हे फोन शिकवते, आणि मला हे...

आणि मग आईचा आवाज आला, कॉलेजच्या दिवसांतला, पदराआड हसणारा: यांना नाही गं जमत ते एक रिंग देऊन ठेवणं. म्हणतात, बोलायचं असेल तर बोलावं, नाहीतर कशाला करावा. एकदा लावला की समोरचा बोलेपर्यंत ठेवत नाहीत. पोचल्याची रिंग नानांची कधी नव्हतीच. ती तिची आणि आईची होती. नानांना ती चिकटवली होती तिने, परस्पर, न विचारता, कारण त्या अर्थाने तिला बरं वाटत होतं.

म्हणजे ते फोन करत होते. रोज. बोलायला. अकरा-पाचलाच का, ते तिला आता सांगता आलं नसतं — त्या दिवसासाठी असेल, किंवा त्या सुमाराला पेपर वाचून होत असेल, एवढंच. आणि उत्तर म्हणून ती दीड वाजता काय देत होती? एक रिंग. त्या घरात फोन खिडकीतल्या फळीवर असतो, कारण रेंज तिथेच येते. खुर्ची आतल्या भिंतीशी. मध्ये सात पावलं, नानांच्या गुडघ्यांनी दहा. रिंग वाजते, ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागतात, आणि फोन बंद. रोज. चार वर्षं. अर्धवट उठलेला माणूस परत बसतो, तसे ते बसत असतील. गेल्या खेपेला बससाठी निघताना म्हणाले होते, "तू कामात असतेस, मला माहीत आहे." तिला वाटलं होतं, त्यांनी समजून घेतलं. ते तर तिची बाजू घेत होते, स्वतःच्याच विरुद्ध.

तिला शरम वाटली. रडू नाही आलं, नुसती शरम, पायापासून वर चढत येणारी, आणि तिच्यातच मिसळलेला कसलासा वेडा आनंद — की अबोला दोघांचा नव्हता. तो तिच्या एकटीचा होता. पलीकडच्या माणसाने तो कधी धरलाच नव्हता... किंवा धरला असेल, कोण जाणे. कदाचित ते रोज बारा रिंगा रागानेच वाजवत असतील. तेही चालेल.

अकरा वाजून नऊ मिनिटं.

"काका, एक मिनिट थांबता?"

"थांबतो. मला कुठे जायचंय, माझा फोन तर तुमच्या हातात उघडा पडलाय."

सुताराने काउंटरची शेवटची फळी उचलून भिंतीला टेकवली. खालच्या फरशीवर चौदा वर्षांत ऊन-धूळ न लागलेला लांबट चौकोन उघडा पडला होता, बाकी जमिनीपेक्षा उजळ. ती बाजूला व्हायचं म्हणून नेमकी त्यातच जाऊन उभी राहिली. नानांचं नाव दाबलं. फोन कानाला लावला.

पहिली रिंग गेली, आणि अंगठा सवयीने लाल खुणेकडे निघाला. तिने फोन कानापासून जरा दूर धरून त्या अंगठ्याकडे पाहिलं, त्या लांब नखाकडे, आणि तो मिटून मुठीत घेतला. नख तळव्याला टोचलं.

दुसरी. पहिलं वाक्य काय? खोकं उघडलंत का नाना... नको. गुडघे कसे आहेत, तेही नको. तिसरी. त्यांनी आताच तर लावला होता, म्हणजे फळीपाशीच असतील. की परत जाऊन बसले? बसलेच असतील. एक रिंग वाजून थांबेल अशी सवय झालेला माणूस उठायची घाई तरी कशाला करेल? चौथी. आता कळलं असेल त्यांना, आज थांबत नाही म्हणून. खुर्चीचे हात धरले असतील. पाचवी... ती जिवाचा कान करून ऐकत होती, आणि दर रिंगला तिला मधली दहा पावलं दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की फोन लागायला वेळ लागावा, भरपूर लागावा, म्हाताऱ्या माणसाला पुरेल इतका.

सहावी. सावकाश या नाना, ती मनात म्हणाली. मी ठेवत नाहीये.