लाल शाईचा शेरा

तिने बेकरीसाठी काढलेला लोगो सरांनी भर वर्गात टाकाऊ ठरवला आणि कागदावर लाल शाईने तसा शेरा मारून तारीखही घातली. महिन्याभरात तोच लोगो सरांच्या वेबसाइटवर त्यांच्या नावाने झळकला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने तो शेऱ्याचा कागद जपून ठेवला.

वर्षअखेरीला प्रत्येकाला आपल्या कामाची वेबसाइट करायची होती. तिने पहिल्याच पानावर तो कागद शेऱ्यासकट लावला आणि शेजारी सरांच्या वेबसाइटचा फोटो. परीक्षकांनी ते पान मोठ्या पडद्यावर उघडताच सर पांढरेफटक पडले.

"काढ ते!" ते कुजबुजले.

"का सर? अक्षर तुमचंच आहे ना?" तिने मुद्दाम मोठ्याने विचारलं.

परीक्षक सरांकडे वळले. तिच्या जिवाला गार वाटलं.